जनरल शिफ्ट, घर आणि फुल मॅरेथॉन : वेळ कुठून काढता? (बडोदेकरांनीच उत्तर द्यावं)

मांजलपूरकर
वय ४२. मंजुसर जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नोकरी, जनरल शिफ्ट. सकाळी ७:१० ला तुलसीधाम चार रस्त्यावरून कंपनीची बस, संध्याकाळी घरी पावणेसात. महिनाअखेरीला डिस्पॅच असेल तर नऊसुद्धा वाजतात. बायको बँकेत, मुलगी यंदा दहावीत, मुलगा चौथीत, आई आमच्याकडेच.

हाफ मॅरेथॉन अडीच तासांत होते. आता फुल करायची आहे, आपल्याच नवलखी मैदानावरून निघणारी. हल्ली ती फेब्रुवारीच्या सुरुवातीला असते, म्हणजे आता श्रावणापासून धरलं तर हाताशी पाचेक महिने आहेत. नेटवरचे तक्ते बघितले. सगळीकडे आठवड्याला पाच-सहा दिवस पळा आणि रविवारी ३० किंवा ३२ किलोमीटर मारा. ही माणसं नोकरी कधी करतात?

मुंबई-पुण्याचे सल्ले नकोत. इथल्या रस्त्यांवर, इथल्या हवेत, नोकरी सांभाळून ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

फतेगंज_फास्ट
चारला उठा. प्रश्न संपला.

पहाटपक्षी
फतेगंज, तुझं लग्न झालेलं नाही हे एका ओळीत कळलं.

मांजलपूरकर, चारला उठायचं तर नऊ-साडेनऊला झोपायला हवं. घरात दहावीची मुलगी असताना साडेअकराच्या आत दिवे मालवले जात नाहीत, मी त्यातून गेले आहे. म्हणजे झोप साडेचार तास. त्यावर आठवड्याला पन्नास किलोमीटर टाकले की महिन्याभरात सर्दी, मग खोकला, मग पोटरी धरते. पळण्याने शरीर थकतं आणि झोपेत ते दुरुस्त होतं. दुरुस्तीचा वेळ कापून पळण्याला दिला तर हाती काय राहणार?

माझी शाळा सातची, त्यामुळे मी आठवड्यात दोनच दिवस पहाटे पळते आणि एक दिवस संध्याकाळी. पहाटेच्या दिवशी आदल्या रात्री पोळ्यांची कणीक, डबे, गणवेश, सगळं दहाच्या आत. आणि एक गोष्ट : आठवड्यातल्या दिवशी किलोमीटर मोजायचेच नाहीत. पंचेचाळीस मिनिटं मिळाली तर पंचेचाळीस. घड्याळात ७.२ दिसलं की आठ पूर्ण करायला सोसायटीला चकरा मारणारे लोक बसला उशिरा पोचतात.

निवांत
मूळ प्रश्नच कुणी विचारत नाही. फुल कशासाठी? बेचाळीस किलोमीटर हा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरहून निघाली आणि राजघराण्याच्या आसनासमोर संपली म्हणून पडला. ४२.१९५ ला शरीरशास्त्राचा काही आधार नाही. तब्येतीसाठी दहा किलोमीटर भरपूर. दोन पोरं, आई, नोकरी असलेल्या माणसाने राजघराण्याच्या सोयीसाठी पाच महिने का घालवावेत?

मांजलपूरकर
तब्येतीसाठी नाहीच करत. करायची आहे म्हणून करायची आहे. ज्यांना 'का' चं उत्तर हवंय त्यांनी वेगळा धागा काढा, मी तिथेही येईन.

काळाघोडा
शाब्बास. निवांतराव, तुम्हीही या.

आमच्या तरुणपणी बूट, एनर्जी जेल, घड्याळ काही नव्हतं. शिवनाथ सिंग मॉन्ट्रियल ऑलिंपिकला, १९७६ साली, मॅरेथॉनमध्ये अकरावा आला. फौजी माणूस, पुष्कळदा अनवाणी पळायचा. १९७८ साली जालंधरला त्याने २ तास १२ मिनिटांत संपवली. पुढची कित्येक दशकं या देशात कुणाला ती वेळ गाठता आली नाही. बूट-घड्याळ सगळं येऊनसुद्धा.

माझा सल्ला जुना आहे : जुम्मादादा व्यायाममंदिराच्या परंपरेतल्या बैठका आणि सूर्यनमस्कार. रोज वीस मिनिटं. गुडघ्याच्या वरचा स्नायू तयार असेल तर खालचा सांधा रडत नाही.

फतेगंज_फास्ट
काका, तो फौजी होता. पळणं हीच त्याची ड्यूटी. डिस्पॅच नव्हता ने त्याला.

काळाघोडा
ते मान्य. बैठका मात्र डिस्पॅचच्या दिवशीही होतात.

डॉ_गुडघे
मी फिजिओथेरपिस्ट आहे, नावावरून कळलं असेलच. काकांच्या बैठकांना माझं पूर्ण अनुमोदन, फक्त त्यात एका पायावरच्या टाचा उचलण्याची भर घाला. चाळिशीनंतर पळणाऱ्यांची सगळ्यात जास्त तक्रार पोटरी आणि टाचेच्या वरच्या शिरेचीच येते. दात घासताना करा, वेगळा वेळ लागत नाही.

आता तक्त्यांबद्दल, कारण मांजलपूरकरांची अडचण वेळेची कमी आणि तक्त्याची जास्त आहे. तुमचा हाफ अडीच तासांत होतो. त्यावरून फुलचा अंदाज साधारण सव्वापाच तास, म्हणजे किलोमीटरला सातच्या पुढे, साडेसात मिनिटांच्या आसपास. सरावाचा आरामाचा वेग याहून हळू, आठ मिनिटं धरा. त्या वेगाने ३२ किलोमीटर म्हणजे सव्वाचार तास! ज्या तक्त्यात ३२ लिहिलंय तो बहुतेक साडेतीन-चार तासांत फुल संपवणाऱ्यासाठी असतो, त्याचे ३२ तीन तासांत उरकतात. तुम्ही त्याचा आकडा घेतलात आणि त्याच्यापेक्षा सव्वा तास जास्त पायांवर उभे राहिलात. त्या सव्वा तासात दम वाढत नाही, फक्त दुखणं वाढतं आणि पुढचे चार दिवस जातात.

म्हणून तुमच्यासाठी लांब पळणं वेळेवर बांधा : जास्तीत जास्त सव्वातीन ते साडेतीन तास. चोवीस-सव्वीस किलोमीटर होतील, होऊ देत. त्याआधी दोन तास, सव्वादोन, अडीच असं चढत जा आणि दर चौथ्या आठवड्याला बरंच कमी करा.

आठवड्याला चार दिवस पुरतात. एक लांब. एक पाऊण तासाचं, ज्यात मधली वीस-पंचवीस मिनिटं जरा जोरात, पूर्ण वाक्य बोलता येणार नाही पण तीन-चार शब्द येतील इतपत. एक सव्वा तासाचं आरामात. आणि एक अगदीच हलकं अर्ध्या तासाचं, जे आधी रद्द करायचं. रद्द कुठलं करायचं हे आधी ठरलेलं असलं की आठवडा बिघडत नाही. आणि जे चुकलं ते चुकलं. बुधवारचं गुरुवारी, गुरुवारचं शुक्रवारी असं ढकलत शनिवारी दुप्पट करणारे लोक मला ओपीडीत भेटतात.

चाळिशीच्या पुढे, त्यातून घरात बीपी, शुगर किंवा हृदयाचा इतिहास असेल तर सुरू करण्यापूर्वी फिजिशियनला भेटा. ट्रेडमिलवरची तपासणी लागते की नाही ते त्यांना ठरवू द्या.

सी_शिफ्ट
जनरलवाल्यांचं बरं आहे बाबा. आमची पाळी फिरती. सकाळची सहा ते दोन, दुपारची दोन ते दहा, मग रात्रपाळी. साप्ताहिक सुट्टी कधी मंगळवारी, कधी शुक्रवारी. 'रविवारी लाँग रन' वाचलं की हसू येतं.

मी आठवडाच मोडला. सात दिवसांत सगळं बसवायचं असं कुठे लिहिलंय? माझं चक्र नऊ-दहा दिवसांचं आहे. त्यात एक लांब, एक जोराचं, बाकी हलकं. लांब पळणं दुपारपाळीच्या दिवसांत येतं, कारण तेव्हा सकाळ मोकळी आणि रात्रीची झोपही झालेली असते. रात्रपाळीच्या दिवसांत फक्त अर्धा तास, तोही दुपारी झोपून उठल्यावर. रात्रपाळी संपवून थेट पळायला जाणारे दोन-तीन जण आमच्या प्लांटमध्ये आहेत, आल्यावर घरच्यांशी भांडतात आणि दुपारी झोप लागत नाही म्हणून तक्रार करतात. मी आधी झोपतो.

कंपनीत सांगायचं नाही हा माझा आणखी एक नियम. सांगितलं की शिफ्ट बदलून मागताना 'पळायचं असेल' असं ऐकावं लागतं.

मूळची_पुण्याची
(पुण्याची असूनही लिहितेय, माफ करा, पण सहा वर्षं वासणा रोडला राहते.) बडोद्यात चढ कुठे मिळतो? सगळं पोळपाटासारखं सपाट.

फतेगंज_फास्ट
चढ म्हणजे पूल. अकोटा–दांडिया बाजारचा. नाहीतर अटल ब्रिज, गेंडा सर्कल ते मनीषा चोकडी, साडेतीन किलोमीटर.

पहाटपक्षी
अटल ब्रिजवर पळायला कुणालाही सांगू नकोस. तिथे चालणाऱ्याला जागा नाही आणि पहाटे गाड्या मोकाट सुटलेल्या असतात. मुळात बडोद्याची शर्यत सपाटच असते, चढाचा हट्ट कशाला? वासणा–भायलीकडचे आतले रस्ते, गोत्रीहून सेवासीकडे, नाहीतर नर्मदा कालव्याच्या बाजूचा रस्ता. कालव्यावर एकटीने जायचं नाही, निदान तिघी. आम्ही मैत्रिणी एकत्र निघतो, एकीकडे शिट्टी, एकीकडे काठी. कुत्र्यांसाठी काठी उगारावी लागत नाही, हातात दिसली की पुरते. आणि पळताना कुत्रा मागे लागला तर थांबायचं, चालायला लागायचं. पळत राहिलात की तो खेळ समजतो.

पावसाळ्यात विश्वामित्रीच्या काठचे रस्ते टाळा. हसू नका, पाणी चढलं की मगरी रस्त्यावर येतात हे बडोद्यात लहान मुलालाही ठाऊक आहे.

मांजलपूरकरीण
नमस्कार. नाव बघून ओळखलंच असेल. मी हा धागा पहिल्या दिवसापासून वाचतेय.

सगळे वेळ 'काढण्या'बद्दल बोलताहेत. वेळ घरातल्या कुणाकडून तरी निघतो. पहाटे चारचा गजर माझ्याही उशाशीच वाजतो. हाफच्या वेळी रविवारी हे साडेआठला यायचे, नऊला पोहे, मग पाय वर करून बसणं आणि दोन ते पाच झोप. तोवर सासूबाईंच्या गोळ्या आणणं, भाजी, चौथीच्या प्रोजेक्टसाठी थर्माकोल शोधणं, लेकीला क्लासला सोडणं, हे सगळं कुणी केलं? मीही आठवडाभर काउंटरवर बसते आणि मलाही एकच रविवार मिळतो. आता फुल म्हणजे साडेआठचे साडेदहा होणार.

माझा विरोध नाही. पण 'तूही पळायला ये' असं कुणी सुचवू नका. मला पळायचं नाही. मला रविवारी आठपर्यंत झोपायचंय.

निवांत
वहिनी, एकच नंबर.

काळाघोडा
सूनबाई बरोबर बोलतेय. मी पळत होतो तेव्हा आमच्या हिने काय काय उचललं ते मी निवृत्त झाल्यावर पाहिलं.

डॉ_गुडघे
वहिनींच्या पोस्टवर एक तांत्रिक मुद्दा, त्यांच्या बाजूचा. दर रविवारी लांब पळावं लागतच नाही. चाळिशीच्या धावणाऱ्याला अडीच-तीन तासांच्या पळण्यातून पूर्ण सावरायला तसेही दहा-बारा दिवस लागू शकतात. एक रविवार लांब, पुढचा रविवार दीड तास. दीड तासवाल्या दिवशी पाचला निघालं तर साडेसहाला घरात. पाच महिन्यांत दोन तासांच्या वरची आठ-नऊ पळणी झाली तरी पहिली फुल नीट होते.

आणि लांब पळणं झाल्यावर दुपारी तीन तास झोप लागते ती बहुतेक पळताना आणि पळून आल्यावर काही न खाल्ल्यामुळे. त्याबद्दल नंतर लिहितो, पेशंट आलाय.

मांजलपूरकर
घरात बोलणं झालं. (हो, तिने आधी इथे लिहिलं आणि मग घरात बोलणं झालं. असो.)

बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. त्यांच्या पुढचे रविवार माझे, लांब पळण्याचे, कारण तिचा एक दिवस आधीच आराम झालेला असतो. बाकीचे रविवार साडेसहाच्या आत घरी, दूध, चहा, भाजी आणि आईच्या गोळ्या माझ्याकडे, आणि आठपर्यंत कुणी बेडरूमचं दार वाजवायचं नाही. गजर बंद, मनगटावरचं घड्याळ थरथरतं तेवढंच.

आता आठवड्यातले तीन दिवस. तिथे अजून घोडं अडलंय.

फतेगंज_फास्ट
आता सिरियसली लिहितो. काका, तुमची बस मंजुसरहून सावली रोड, समा, मग आमच्या फतेगंजवरून जात असेल ने? मांजलपूरपर्यंत ट्रॅफिकमध्ये बसून किती वेळ जातो? कमाटीबागेजवळच्या काळाघोडा चौकात उतरा. तिथून मांजलपूर पाच-सहा किलोमीटर. बस पोचेल त्याच्या वीस-पंचवीस मिनिटांनंतर तुम्ही पळत घरी. घरच्यांचा वेळ गेला फक्त वीस मिनिटं, आणि तुमचं पाऊण तासाचं पळणं झालं.

मांजलपूरकर
'काका' सोडून बाकी सगळं आवडलं. पण डबा, लॅपटॉप?

सी_शिफ्ट
लॅपटॉप कंपनीत ठेवा, आणावा लागणार नाही अशा दिवशी पळा. डबा बसमधल्या कुणा मांजलपूरच्याच मित्राकडे द्या. बूट आणि चड्डी-टीशर्ट कंपनीच्या लॉकरमध्ये. बसमध्येच बूट बदलायचे. पहिले दोन दिवस लोक हसतात, मग विचारतात किती किलोमीटर.

पहाटपक्षी
संध्याकाळी सहाला काळाघोड्यावरून राजमहल रोड म्हणजे धूर पिणं. आधी कमाटीबागेत दोन-तीन फेऱ्या मारा, अंधार पडेपर्यंत, आणि उरलेलं अंतर हळू. सव्वा तासवाल्या दिवसासाठी तेच बरं. आणि ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी सहालाही भट्टी असते, तेव्हा वेगाकडे बघू नका. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमटपणात तर घाम वाळतच नाही, त्याच दमात किलोमीटरला अर्धा मिनिट सहज जास्त लागतो. तो तुमचा दोष नाही, हवेचा आहे. डिसेंबरात तोच वेग फुकट परत मिळतो.

मूळची_पुण्याची
सगळ्यांना एकच विचारायचंय. गणपती, नवरात्र, दिवाळी, लग्नं, उत्तरायण (इथली पतंगांची संक्रांत). सरावाचे पाच महिने म्हणजे बडोद्याचा सगळा सणांचा मोसम. हे कसं जमवता?

पहाटपक्षी
हा खरा बडोद्याचा प्रश्न. मुंबईवाल्यांच्या तक्त्यात नवरात्र नसतं.

गणपतीत फारसं बिघडत नाही. दहा दिवस मोदक आणि रात्रीच्या आरत्या, पण सकाळी पाय ताजे असतात. विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद, तेव्हा घरी राहा.

नवरात्र वेगळं. गरबा हा व्यायामच आहे. तीन तास मातीच्या मैदानावर, वळणं, उड्या, सगळा भार पोटऱ्यांवर आणि नडगीवर, त्यातून बरेच जण अनवाणी. त्यात घरी यायला एक-दीड. नऊ रात्री गरबा आणि वर तक्त्याप्रमाणे पळणं, दोन्ही करायला जाणारे दसऱ्याला लंगडताना दिसतात. मी नवरात्राचा आठवडा कमी करायचा आठवडा म्हणून आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवते. पळणं दोनदा, अर्धा-अर्धा तास. लांब काहीच नाही. ज्यांच्या घरी रोज गरब्याला जातात त्यांनी निदान एक रात्र आड करा, नाहीतर पळणं पूर्ण बंद ठेवून मजेत खेळा. दम जात नाही, गरब्यात नाडी चांगली चढलेली असते.

दिवाळीत उलट. सुट्टी असते, पहाटे सगळं घर उठलेलंच असतं. अभ्यंगस्नानाआधी एक तास मिळतो तो कुणी विचारत नाही. फक्त लक्ष्मीपूजनानंतरच्या सकाळी फटाक्यांच्या धुरात जाऊ नका, हवा बसलेली असते.

डॉ_गुडघे
गरब्याबद्दल ताईंनी जे लिहिलंय तेच मी पेशंटना सांगतो, फक्त मी त्याचे पैसे घेतो.

माझी भर तापाची. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा आपल्याकडे डेंग्यू-चिकनगुनियाचा काळ. ताप असताना किंवा ताप गेल्या गेल्या पळायचं नाही. विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि त्यावर जोर दिला तर धोका खरा असतो. नुसतं नाक वाहतंय, ताप नाही, अंग दुखत नाही, तर हळू पळायला हरकत नाही. चिकनगुनियानंतर सांधे महिनोन् महिने दुखू शकतात. अशा वर्षी फुल पुढच्या वर्षावर टाकणं हाच शहाणपणा.

आता खाणं. दीड तासाच्या वर पळणार असाल तर पळतानाच खायला सुरुवात करा, भूक लागायची वाट बघू नका. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका मध्यम केळ्यात २५ च्या आसपास. जेल घ्याच असं नाही, खजूर, गूळ, राजगिऱ्याची चिक्की चालते, पण शर्यतीच्या दिवशी जे खाणार तेच सरावात खाऊन बघा, पोटालाही सराव लागतो. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतू नका. नुसतं साधं पाणी भसाभसा पिणंही वाईट. रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि लोक त्यावर आणखी पाणी पितात. तहान लागेल तसं प्या. पेनकिलर घेऊन पळू नका, घामाने पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या किडनीवर ताण आणतात.

आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात नीट खा. पोहे चालतील, सोबत दही, अंडी, उसळ काहीतरी हवं. मग दुपारची झोप तीन तासांवरून अर्ध्या तासावर येते. वहिनींसाठी लिहिलंय.

मांजलपूरकरीण
प्रिंट काढून फ्रिजवर लावते.

फतेगंज_फास्ट
सेवऊसळ चालेल का आल्यावर?

डॉ_गुडघे
उसळ चालेल. शेव कमी, तर्री कमी, पाव किती खातोस त्यावर.

निवांत
म्हणजे उसळच.

मांजलपूरकर
दिवाळीनंतरची खबर. बसमधून काळाघोड्याला उतरणं जमलं, आठवड्यात दोन दिवस पक्कं. डबा शेजारच्या ब्लॉकमधला सहकारी आणतो, त्याच्या मुलाला मी गणित शिकवतो, असा सौदा आहे. महिनाअखेरीच्या आठवड्यात आठवड्याचं पळणं जवळजवळ शून्य, त्यामुळे डॉक्टरांचा 'चौथा कमी आठवडा' मी तिथेच बसवला. डिस्पॅच आणि विश्रांती एकाच आठवड्यात. तक्ता कॅलेंडरला लावण्यापेक्षा कंपनीच्या इन्व्हॉइसिंगला लावला असं म्हणा.

गरबा दोन रात्री खेळलो. बाकी रात्री लेकीला न्यायला-आणायला उभा होतो, ते उभं राहणं पळण्यापेक्षा जड गेलं.

लांब पळणं अडीच तासांवर आलंय. एकट्याने कंटाळा येतो, दोन तासांनंतर डोकं नको ते विचार करतं. कुणी बरोबर येणार का?

काळाघोडा
मी सायकलवर येतो. पाणी, केळी माझ्याकडे. पळणार नाही, बोलणार मात्र सगळा वेळ.

सी_शिफ्ट
रविवारी माझी दुपारपाळी आहे, सकाळी येऊ शकतो. पण मी हळू पळतो, आठच्या वर.

मांजलपूरकर
मीही आठच.

पहाटपक्षी
आम्ही तिघी येऊ. उत्तरायणाबद्दल आत्ताच बोलून घेऊ म्हणजे मागून गडबड नको. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून संध्याकाळचं पळणं बंद करा. पोरं गच्चीवर, दोरा रस्त्यावर आडवा. दुचाकीवाल्यांचे गळे कापतात ते आपण दरवर्षी वाचतो, पळणाऱ्याचा वेग कमी असला तरी मांजा गळ्याला आणि कानाला चिरतोच. पहाटेही अंधारात तारांवरून लोंबणारा दोरा दिसत नाही. गळ्याभोवती जाड मफलर किंवा बफ, डोळ्यांवर साधा चष्मा. १४ आणि १५ तारखेला पळायचंच नाही, उंधियू खायचा. त्यानंतरही आठवडाभर रस्त्यावर पडलेला दोरा पायात गुंततो, खाली बघून चाला.

तसंही फेब्रुवारीच्या सुरुवातीची शर्यत धरली तर उत्तरायणाच्या सुमाराला पळणं कमी करायची वेळ येतेच. शेवटचं लांब पळणं त्याच्या आधीच्या रविवारी उरका.

डॉ_गुडघे
अगदी बरोबर. शेवटचे तीन आठवडे पळणं टप्प्याटप्प्याने निम्म्यावर आणायचं, वेग तसाच, मिनिटं कमी. या दिवसांत लोकांना वाटतं आपण सगळं विसरलो, पाय जड झाले, नसलेली दुखणी जाणवतात. मला फोन करू नका, ते सगळ्यांना होतं. नवे बूटही तेव्हा घेऊ नका. घ्यायचे तर आत्ता डिसेंबरात घ्या, दोन लांब पळणी त्यात होऊ देत.

मूळची_पुण्याची
मी फक्त हाफ करतेय, पण पहिले दीड तास तुमच्याबरोबर येऊ शकते का? वासणाहून गाडीने येईन.

मांजलपूरकर
या की. ठरलं तर मग : येत्या चौथ्या शनिवारच्या पुढचा रविवार, पहाटे ४:५०, कमाटीबागेचं काळाघोड्याकडचं गेट. बागेत दोन फेऱ्या, मग अकोट्याच्या पुलावरून वासणा–भायली, तिथून परत. साडेसातपर्यंत संपवायचं. साडेआठला मुलाचं क्रिकेट आहे, सोडायची पाळी माझी.

फतेगंज_फास्ट
मी थेट अकोट्याच्या पुलावर भेटतो. बागेच्या फेऱ्या तुम्ही मारा.

पहाटपक्षी
चारला उठणारे हेच का ते?

सी_शिफ्ट
काळाघोडा काका, माझ्यासाठी केळी नकोत, खजूर आणा. बिया काढून.

काळाघोडा
बिया काढून आणतो. ओआरएस कोण आणणार ते एकाने लिहा, गेल्या खेपेला तिघांनी आणलं आणि पाणी कुणीच नाही.

मूळची_पुण्याची
ओआरएस मी. पाणी चार लिटर गाडीत ठेवते, भायलीला गाडी उभी करू का?

काळाघोडा
करा. मी सायकलवरून तिथून भरून घेईन.